उन्हाची झळ कुणाला किती? वेगवेगळ्या उत्पन्नाच्या लोकांना हे विचारायचं कसं?

रानजाई

बरेच दिवस वाचनमात्र होते, आज स्वतःच्या कामासाठी धागा काढतेय.

मी समाजशास्त्रात पीएचडी करते आहे. हवामान बदलाचा फटका सगळ्यांना सारखा बसत नाही, हे अभ्यासकांना आता नव्याने सांगावं लागत नाही. मला त्याच्या पुढचं पाहायचं आहे. ज्यांना फटका बसतो आणि ज्यांना फारसा बसत नाही, त्या दोघांना ही विषमता दिसते का? दिसते ती कुणाशी तुलना करून? आणि तिचं कारण कोण काय सांगतं? पसारा आवरावा म्हणून फक्त उन्हाळा घेतलाय, आणि फक्त मुंबईचा पूर्व भाग: गोवंडीतली पत्र्याची बैठी घरं, चेंबूरमधल्या तीन-चार मजली जुन्या सोसायट्या आणि तशाच सोसायट्या पाडून उभे राहिलेले टॉवर.

पूर मुद्दाम घेतला नाही. मुंबईत पुराबद्दल विचारलं की माणूस थेट २६ जुलै २००५ वर जातो. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिमी पाऊस, आणि 'त्या दिवशी साहेबही अडकला आणि शिपाईही' ही ठरलेली आठवण. साकीनाक्याला दरडीखाली कोण गेलं, नंतर लेप्टोचा ताप कुणाला आला, हे त्या आठवणीत नसतं. उन्हाची अशी सामायिक आठवण नाही, ते ज्याने त्याने आपापल्या घरात काढलेलं असतं.

अजून प्रश्नावली पक्की नाही, नुसत्या मोकळ्या गप्पा चालू आहेत. त्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते. स्वतःची तुलना टॉवरशी कुणीच करत नाही. पत्र्याच्या घरातली बाई शेजारच्या स्लॅबवालीबद्दल बोलते: 'तिच्या डोक्यावर अजून एक मजला हाय, तिला काय.' सोसायटीत चौथ्या मजल्यावरचे काका दुसऱ्या मजल्यावरच्यांचा हेवा करतात. टॉवरमधल्या बाई पश्चिमेकडे तोंड असलेला फ्लॅट घेतला म्हणून हळहळतात. विषमता सगळ्यांना दिसते, पण एका पायरीपुरती. आणि आपल्या खालच्या पायरीवरच्यांचं विचारलं की उत्तर एकच: त्यांना सवय असते. गोवंडीतल्या बाईनेही नाक्यावर उभ्या राहणाऱ्या मजुरांबद्दल हेच सांगितलं.

तर इथल्या जाणकारांना विचारायचंय की उत्पन्न कसं विचारावं, 'हवामान बदल' म्हणावं की नाही, आणि तुमचे स्वतःचे उन्हाळे कसे जातात? तिन्हीवर लिहा, एकावर लिहा, चालेल.

डोंबिवलीफास्ट

विषय रोचक आहे. पण ह्या अभ्यासांत आम्ही नेहमीच गायब असतो. गरिबाला योजना, श्रीमंताला एसी, मधल्याला ईएमआय. माझं घर शेवटच्या मजल्यावर आहे, गच्ची थेट डोक्यावर. रात्री अकरालाही भिंतीला हात लावला की गरम. एसी हप्त्यावर घेतला, आता तो लावायची हिंमत होत नाही कारण बिलाचा स्लॅब बदलतो. सोसायटीच्या सभेत गच्चीला पांढरा रंग द्यायचा ठराव मी मांडला. खालच्या तीन मजल्यांनी हाणून पाडला, कारण खर्च सगळ्यांचा आणि फायदा वरच्यांचा. हा माझा 'क्लायमेट अन्याय', लिहून घ्या.

रानजाई

लिहून घेतलं, आणि थट्टेत नाही. एकाच जिन्यात उष्णतेवरून चार मजल्यांचं राजकारण होतं, हे मला पुस्तकात सापडलं नसतं.

सांख्यिकीकाका

नोकरीभर सर्वेक्षणंच केली, म्हणून आगाऊपणा करतो. प्रतिसाद लांबेल.

उत्पन्न थेट विचारू नका. लोक खोटं बोलतात म्हणून नाही, बऱ्याच जणांना महिन्याचा आकडा सांगताच येत नाही. नाक्यावरचा माणूस 'गेल्या आठवड्यात चार दिवस काम लागलं' एवढंच सांगू शकतो, आणि तेच खरं असतं. शिवाय हल्ली एक भीती वाढली आहे. लाडकी बहीण योजनेची अडीच लाखांची मर्यादा घराघरात पाठ आहे, आणि यादीतून नावं वगळल्याच्या बातम्याही. तुम्ही वही घेऊन दारात उभ्या राहून 'घरात किती येतात' विचारलंत की पहिला संशय हाच, की पडताळणीवाली आली. उत्तर अडीचच्या खालीच येणार.

काही जण रेशनकार्डाचा रंग विचारतात. पिवळं वर्षाला १५ हजारांपर्यंत, केशरी एक लाखापर्यंत, त्यापुढे पांढरं. ह्या मर्यादा इतक्या जुन्या आहेत की आजच्या कमाईशी त्यांचं नातं उरलेलं नाही. कार्ड केशरी आणि दारात मोटारसायकल, हे घरोघर दिसेल. बाजार सर्वेक्षणवाले मुख्य कमावत्याचं शिक्षण विचारतात आणि घरातल्या वस्तू मोजतात. अकरा वस्तूंची यादी असते, त्यात एसीही आहे. तुमच्या कामात हीच मेख आहे. एसी ही तुमची श्रीमंतीची खूणही होणार आणि उष्णतेपासून बचावाचं साधनही. मग 'श्रीमंतांना त्रास कमी' हा निष्कर्ष तुम्ही काढलेला नसेल, यादीनेच काढलेला असेल. त्यापेक्षा छप्पर कशाचं, खोल्या किती, नळ स्वतःचा की सामायिक, संडास घरात की बाहेर, आणि काम पगारी की रोजंदारी, एवढं विचारा. ह्यातलं शेवटचं सगळ्यात मोलाचं, कारण उन्हामुळे एक दिवस घरी बसलं तर पैसे कापले जातात की नाही, यावर पुढची सगळी उत्तरं हलतात.

'हवामान बदल' शेवटच्या पानावर ठेवा. येल विद्यापीठ आणि सी-व्होटर ही सर्वेक्षण संस्था यांनी २०२१-२२ मध्ये देशभरात ४,६१९ प्रौढांना फोनवर विचारलं होतं. ५४ टक्के म्हणाले, जागतिक तापमानवाढीबद्दल फार थोडं माहीत आहे किंवा कधी ऐकलंच नाही. मग तिची छोटी व्याख्या सांगून 'हे घडतंय का' विचारलं, तर ८४ टक्के हो म्हणाले. संशयी माणूस म्हणेल, आधी उत्तर पढवलं आणि मग परीक्षा घेतली. उदार माणूस म्हणेल, अनुभव आधीपासून होता, नाव आता मिळालं. मी दोन्हीच्या मधे आहे. व्याख्या न देता निव्वळ अनुभव विचारल्याशिवाय ह्याचा निकाल लागणार नाही, आणि ते काम तुमच्यासारख्या दारोदार फिरणाऱ्याच करू शकतात. फोनवरच्या सर्वेक्षणाला ते जमत नाही.

आणखी एक, 'पूर्ण सहमत ते पूर्ण असहमत' ह्या पाच पायऱ्या तोंडी मुलाखतीत टाळा. आपल्याकडे दारात आलेल्या माणसाला 'नाही' म्हणत नाहीत. पाणी देतात आणि 'हो, बरोबर आहे ताई' म्हणतात. त्यापेक्षा एक छोटी गोष्ट सांगा. मे महिना आहे, दोघी बहिणी, एक पत्र्याखाली राहते, दुसरी इमारतीत, दोघींची पोरं तापली आहेत. पुढे काय होईल? हीच गोष्ट गोवंडीतही सांगा, टॉवरमध्येही. लोक स्वतःबद्दल जे बोलत नाहीत ते त्या बहिणींबद्दल बोलतात.

पत्र्याखालचा

काकांचं एसीचं निरीक्षण जबरी. (२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात एसी किंवा कूलर असलेली घरं देशात साधारण २४ टक्के निघाली, कूलर धरून! आपण 'सगळ्यांकडेच असतो आजकाल' म्हणतो तेव्हा कुठल्या सगळ्यांबद्दल बोलतो, बघा.)

डोंबिवलीफास्ट, तुमची भिंत गरम असते हे मान्य. मी मानखुर्दला वाढलो, आता नोकरीमुळे स्लॅबखाली राहतो, त्यामुळे दोन्ही माहीत आहे. तुमच्या घरात दुपारी बसता येत नाही, तिथे उभं राहता येत नाही. घर एका खोलीचं, त्यावर पोटमाळा, आणि माळा भाड्याने दिलेला. सगळ्यात कमी भाडं त्या माळ्याचं, आणि तिथेच पत्रा डोक्याला लागतो. पत्र्यावर गोणपाट ओले करून टाकायचे, ताडपत्री, जुने फ्लेक्स. फ्लेक्स जाड आणि मोठा मिळतो तो निवडणुकीचा, म्हणून निकाल लागायची वाट आम्ही उमेदवारापेक्षा जास्त बघायचो. हा विनोद नाही, लोक रात्री शिडी घेऊन उभे असत.

रानजाई, एका घराला एक आकडा देऊ नका. उन्हाळ्यात रात्री बाप आणि आम्ही पोरं गल्लीत झोपायचो. आई आणि बहीण आत, दार लावून. घराचं उत्पन्न एकच, छप्पर एकच, आणि रात्री दोन वेगळ्या. पाण्याचंही तेच. संडास लांब, रात्री तिथे दिवा नाही, म्हणून आई संध्याकाळनंतर पाणी प्यायची नाही. दर मे महिन्यात तिला उन्हाळी लागायची. कारण विचारलं तर म्हणायची, 'अंगात उष्णता झालीय', मग सब्जा, धण्याचं पाणी. उष्णता तिच्या लेखी अंगातली होती, पत्र्याची नाही, हवेची तर नाहीच. तुमच्या वहीत हे उत्तर कुठल्या रकान्यात जाणार?

आणि 'सवय असते'बद्दल: आई आता माझ्याकडे असते, एसीत झोपत नाही. 'अंग धरतं, मला सवय नाही' म्हणते. मी बरेच दिवस खरं मानलं. मी बाहेरगावी असलो की बायको बिल कमी आल्याचं तिला मुद्दाम खोटंच सांगते, तेव्हा ती एसीत निवांत झोपते.

मुक्ताबाई_न

तुमच्या बायकोला साष्टांग नमस्कार.

रानजाई

'अंगातली उष्णता' असं मलाही बऱ्याच जणींनी सांगितलं आहे. मी ते आरोग्याच्या रकान्यात टाकत होते. आता वाटतंय, तो कारणाच्या रकान्याचा मजकूर आहे. दोष स्वतःच्या शरीराकडे घेतला की शेजारणीशी तुलना करायचा प्रश्नच मिटतो.

नाना_सातारकर

चालू द्या. ऊन पूर्वीही होतं. १९७२ च्या दुष्काळात आम्ही खडी फोडली आहे, सुकडी खाल्ली आहे. तेव्हा कुणी वही घेऊन 'तुम्हाला विषमता जाणवते का' विचारायला आलं नाही. हल्लीच्या पिढीला घाम आला की त्याचा प्रबंध होतो.

सांख्यिकीकाका

नाना, तुम्ही आम्हाला आयतं उदाहरण दिलंत. साठीच्या पुढच्या माणसाला महाराष्ट्रात कुठेही 'हवामान बिघडलंय का' विचारा, तो मनातल्या मनात ७२ शी ताडून बघतो. त्या मापाने आजचं सगळं सौम्यच वाटणार. तिशीतल्या माणसाकडे ते मापच नाही. म्हणून वय धरल्याशिवाय उत्पन्नगटांची तुलना करू नये.

आणि खडी फोडलीत ती दुष्काळी कामांवर. रोजगार हमी योजना त्याच दुष्काळातून उभी राहिली, कारण विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे आणि इतरांनी 'पाऊस पडला नाही' ह्या निसर्गाच्या गोष्टीचं 'काम मिळालं पाहिजे' ह्या हक्काच्या गोष्टीत रूपांतर केलं. विषमता जाणवली होती, नाना. म्हणून तर मागणी झाली.

नाना_सातारकर

पागेसाहेबांचं नाव काढलंत, गप्प बसतो. तात्पुरता.

सीनाकाठ

मी माढा तालुक्यातला, उन्हाच्या धाग्यावर पाण्याचं लिहितो, चालवून घ्या. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना आमच्या शिवारात शिरली तेव्हा हा प्रश्न मी डोळ्यांनी बघितला.

नुकसान मोजायची एक पद्धत आहे. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिमीच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी. मग तलाठी, कृषी सहायक, ग्रामसेवक येणार, पंचनामा होणार, सातबाऱ्यावर नाव त्याच्या खात्यावर पैसे जमा. आता माझ्या बांधाला बांध लावून एक जण बटईने रान करतो. बियाणं, खत, मेहनत त्याची. सातबारा पुण्याला राहणाऱ्या मालकाचा. पैसे कुणाच्या खात्यावर आले ते सांगायला नको. मालक बरा होता, अर्धे दिले. तो बरा नसता तर? आणि ज्या बाया सोयाबीन काढायला येणार होत्या त्यांचं काय? घरात पाणी शिरलं असेल तर त्याचं काहीबाही मिळतं. हंगामभराचा रोज बुडाला त्याला पंचनाम्यात रकानाच नाही.

आता गंमत बघा. आमच्या पारावर चर्चा कशाची होती? 'त्याच्या गटाचा पंचनामा झाला, माझा राहिला.' 'वरच्या मंडळात ६५ भरले, आपल्यात ६३ दाखवले.' रानजाई म्हणतात तसंच, एका पायरीचा हिशेब. शेतमजुराचं कुणी काढलं नाही, मजुरानेही नाही. त्याला विचारलं तर म्हणाला, 'शेतच नाही तर नुकसान कसलं?' म्हणजे ज्याचं नुकसान कागदावर नाही त्याला स्वतःलाही ते नुकसान वाटत नाही. शासन जे मोजतं तेच लोकांना दिसतं, असं माझं मत झालंय. ऊसतोडीला जाणाऱ्यांचं तर अजून अवघड. मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेली असते, पावसाने फड बंद राहिला की उचल फिटायची थांबते, वाढत मात्र राहते. एक दिवस आजारी पडून घरी राहिलं तर खाडा कापतात. त्या माणसाला 'हवामानाचा तुमच्यावर काय परिणाम' विचाराल तर तो मुकादमाबद्दल बोलेल. त्याला विषय कळला नाही असं समजू नका, त्याने बरोबर उत्तर दिलंय.

पत्र्याखालचा

ह्या प्रतिसादासाठी +१००. 'शेतच नाही तर नुकसान कसलं' हे डोक्यातून जात नाही.

शिकागोकर_आशय

सीनाकाठ यांचं 'मोजतात तेच दिसतं' वाचून इथलं एक आठवलं. जुलै १९९५ मध्ये शिकागोत उष्णतेची लाट आली, आणि नेहमीपेक्षा ७३९ मृत्यू जास्त झाले. तेव्हाच्या महापौरांनी आधी आकड्यांवरच शंका घेतली. एरिक क्लिननबर्ग ह्या समाजशास्त्रज्ञाने पुढे शेजारशेजारच्या दोन वस्त्या घेतल्या, नॉर्थ लॉनडेल आणि साउथ लॉनडेल. दोन्ही गरीब, दोन्हीकडे एकटे राहणारे म्हातारे बरेच, हवा अर्थातच एकच. पहिलीत मृत्यू कितीतरी जास्त. तिथले कारखाने गेलेले, दुकानं बंद, प्लॉट ओसाड, म्हातारी माणसं भीतीने दारं-खिडक्या लावून बसलेली. दुसरीत रस्त्यावर बाजार, वर्दळ, लोक बाहेर पडत होते, दुकानात थंडाव्याला बसत होते. (पहिली प्रामुख्याने कृष्णवर्णीयांची, दुसरी मेक्सिकन वंशाच्या लोकांची. तो सगळा इतिहास वेगळा लिहावा लागेल.)

सांगायचं ते हे की नुसतं उत्पन्न धरलंत तर गोवंडी आणि तशीच दुसरी एखादी वस्ती तुम्हाला सारखी दिसेल. गल्ली चालती-बोलती आहे का, रात्री बाई ओट्यावर बसू शकते का, हेही नोंदवा. पत्र्याखालचा यांच्या आईची गोष्ट त्याच जातीची आहे.

मुक्ताबाई_न

मोजण्यावरून: अहमदाबादमध्ये मे २०१० च्या लाटेचा अभ्यास झाला तेव्हा त्या महिन्यात १,३४४ मृत्यू नेहमीपेक्षा जास्त निघाले. उष्माघात म्हणून नोंदलेले त्या मानाने अगदी थोडे होते. बाकीचे हृदय, मूत्रपिंड, 'वय झालं होतं'. तो आकडा पुढे आला म्हणून २०१३ मध्ये शहराचा उष्णता कृती आराखडा आला, दक्षिण आशियातला पहिला.

आपल्याकडे लोकांना उन्हाने मेलेली माणसं आठवतात ती १६ एप्रिल २०२३ ची, खारघरची. उघड्या मैदानात भरदुपारी सोहळा, १४ जण गेले. ते मृत्यू दिसले कारण सगळ्यांसमोर झाले. माळ्यावर झोपलेला म्हातारा सकाळी उठला नाही तर त्याला उन्हाने मारलं असं त्याच्या घरचेही म्हणत नाहीत. रानजाई, 'तुमच्या ओळखीत उन्हाने कुणी गेलं का' असा प्रश्न ठेवणार असाल तर उत्तर 'नाही' येईल हे धरून चाला. 'गेल्या उन्हाळ्यात गल्लीत कोण कोण गेलं' असं विचारा.

ग्लोबल_गजानन

पण ह्या सगळ्यात आपण आपसातच भांडतोय. भारताचं दरडोई कार्बन उत्सर्जन वर्षाला दोन टनांच्या आसपास, जगाच्या सरासरीच्या निम्म्याहूनही कमी. अमेरिकेचं त्याच्या सातपट वगैरे. १९९२ च्या हवामानविषयक रिओ करारातच लिहिलंय की जबाबदारी सामायिक असली तरी सारखी नाही. खरी विषमता देशादेशांतली. डोंबिवली विरुद्ध गोवंडी लावून कुणाचा फायदा?

सांख्यिकीकाका

दरडोई सरासरी ही माझ्या धंद्यातली सगळ्यात सोयीची चादर आहे, खाली कोण झोपलंय ते दिसत नाही. रिओत आपण जे जगाला सांगितलं ते बरोबरच होतं. पण तोच युक्तिवाद देशाच्या आत केला की लोकांना राग येतो. ऑक्सफॅम ह्या स्वयंसेवी संस्थेने २०१९ च्या आकड्यांवरून मांडलं होतं की जगातल्या सर्वांत श्रीमंत एक टक्क्याचं उत्सर्जन सर्वांत गरीब ६६ टक्क्यांएवढं आहे. त्या एका टक्क्यात थोडे आपलेही आहेत, आणि ६६ मध्ये तर भरपूर.

ग्लोबल_गजानन

अमान्य नाही. पण प्राधान्य कशाला, हा प्रश्न उरतोच. पाश्चात्त्य विद्यापीठांना आपल्या झोपडपट्ट्यांवरचे प्रबंध आवडतात, स्वतःच्या उपनगरांवरचे नाही.

रानजाई

माझं विद्यापीठ पाश्चात्त्य नाही, पण टोला योग्य जागी बसला. ह्या विषयातला एक जुना वाद असाच आहे. पर्यावरणाची काळजी ही पोट भरल्यावरची गोष्ट, असं राज्यशास्त्रज्ञ रोनाल्ड इंगलहार्ट यांच्या मांडणीवरून बरेच दिवस धरलं जायचं. मग १९९२ मध्ये गॅलप ह्या सर्वेक्षण संस्थेने २४ देशांत सर्वेक्षण केलं, त्यावर समाजशास्त्रज्ञ रायली डनलॅप यांनी काम केलं, आणि गरीब देशांतली काळजी श्रीमंतांपेक्षा कमी नाही असं दिसलं. आपल्याकडे इतिहासकार रामचंद्र गुहा आणि त्यांच्याबरोबर स्पेनचे अर्थशास्त्रज्ञ जोन मार्तिनेझ-आलिएर हे 'गरिबांचा पर्यावरणवाद' म्हणून तेच वेगळ्या वाटेने सांगत होते. चिपकोतल्या बायकांचं पोट भरलेलं नव्हतं.

मला मात्र दोन्ही बाजू अपुऱ्या वाटतात. 'काळजी आहे का' हा प्रश्न दोघेही विचारतात, 'कुणाकडे बघून' हा विचारत नाहीत. गोवंडीतल्या बाईला काळजी भरपूर आहे. तिच्या दृष्टीच्या टप्प्यात टॉवर रोज आहे, ती तिथे धुणीभांडी करते, तिथल्या एसीच्या गारव्यात काम करते. तरी तुलना करायची वेळ आली की ती तो टॉवर मोजतच नाही. का, हे मला अजून नीट सांगता येत नाही.

मुक्ताबाई_न

मी सांगू? 'त्यांच्याकडे एसी आहे' हे वाक्य कामवाल्या बाईने मालकिणीबद्दल परक्या माणसासमोर बोलायचं नसतं. काम जातं. तुम्ही तिला बिल्डिंगमध्ये भेटलात की वस्तीत, घरात अजून कोण बसलं होतं, ह्यावर अवलंबून आहे. माझ्याकडे येणाऱ्या मावशी माझ्याशी फक्त पंख्याबद्दल बोलतात. आपसात जिन्यात काय बोलतात ते मी ऐकलंय.

सीनाकाठ

बरोबर. आमच्याकडेही मजूर मालकाच्या पारावर बसून मालकाची तुलना करणार नाही. त्याच्या वस्तीवर जा.

दुपारची_शिफ्ट

नवीन सभासद. घरपोच डिलिव्हरी करतो, मिळेल त्या सावलीत बसून हे वाचलं. एक भर घाला. आमचं अॅप दुपारी जास्त ऑर्डर दाखवतं कारण लोक उन्हात बाहेर पडत नाहीत. म्हणजे ऊन वाढलं की माझी कमाई वाढते. मला 'उन्हाचा तोटा झाला का' विचाराल तर खरं उत्तर 'नाही, फायदा' असं येईल. मग डोकं दुखतं, संध्याकाळची शिफ्ट सोडतो, तो तोटा मी तब्येतीत धरतो, उन्हात धरत नाही. आणि लिफ्ट. बऱ्याच टॉवरला आमची लिफ्ट वेगळी, पंखा नसलेली.

सांख्यिकीकाका

नवीन सभासद असूनही अख्ख्या धाग्यात सगळ्यात कामाची माहिती तुम्ही दिलीत. रानजाई, दिवसभराचं वेळापत्रक तासातासाने विचारा. नफा-तोटा विचारलात की असा घोळ होतो.

पत्र्याखालचा

धाग्याचा विषय नाही पण विचारतो. 'सेवा' संघटनेने २०२३ पासून असंघटित कामगार बायकांसाठी उष्णतेचा विमा सुरू केलाय ना? तापमान ठरलेल्या रेषेच्या वर गेलं की पैसे, पंचनामा वगैरे काही नाही. २०२४ च्या उन्हाळ्यात गुजरात, राजस्थान आणि महाराष्ट्रातल्या हजारो बायकांना ते मिळालेही. अशा बायकांना विचारलं तर उत्तरं वेगळी येतील का? सीनाकाठ म्हणतात तसं, मोजलं की दिसायला लागतं.

सीनाकाठ

पंचनाम्याशिवाय पैसे! पत्ता द्या.

पण रेषा कुठलं तापमान धरते? आमच्या पर्जन्यमापकाचा अनुभव बघता विचारतो.

मुक्ताबाई_न

हीच तर गोम आहे. वेधशाळा तापमान मोजते ते सावलीतल्या, हवेशीर पेटीत. किनारपट्टीवर ३७ अंश आणि नेहमीपेक्षा साडेचार अंश जास्त असेल तरच उष्णतेची लाट म्हणायची. मुंबईसाठी आकडा येतो तो सांताक्रूझचा आणि कुलाब्याचा. पत्र्याखालचा आकडा कुठेच येत नाही, आणि दमट हवेने रात्री काय होतं तेही त्यात नाही. तरी कल्पना चांगली आहे. निदान उन्हाने बुडालेला रोज हे नुकसान आहे, असं कुठल्यातरी कागदावर आलं.

रानजाई

विमा घेतलेल्या आणि न घेतलेल्या, अशी तुलना मी पुढच्या टप्प्यात धरते. मार्गदर्शकांना विचारावं लागेल.

आता माझी खरी अडचण सांगते, ती अजून लिहिलीच नाही. गोवंडीत कुणीही दार उघडतं. लोक कंटाळलेत, 'मागच्यांनीही लिहून नेलं, पुढे काय झालं' असं तोंडावर विचारतात, आणि त्याचं प्रामाणिक उत्तर 'माझी पदवी' एवढंच आहे. तरी बसायला जागा देतात. जुन्या सोसायट्यांत ओळखीने होतं. टॉवरमध्ये वॉचमन गेटवर थांबवतो, इंटरकॉमवर 'आम्हाला नको आहे' असं ऐकू येतं, मी काही विकते आहे असं समजून. सेक्रेटरीला मेल केली की समितीपुढे ठेवतो म्हणतात, आणि समिती बसत नाही. परिणाम असा की विषमतेबद्दल गरिबांचं म्हणणं माझ्याकडे वह्याच्या वह्या भरून आहे आणि श्रीमंतांचं चार ओळखीच्या घरांतलं. असे कितीतरी अभ्यास याच वळणावर 'गरिबांच्या आकलनाचा अभ्यास' होऊन बसतात.

सांख्यिकीकाका

वरच्या उत्पन्नगटात नकार नेहमीच जास्त. आम्ही क्लबात, शाळेच्या पालकसभेत, डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्ये गाठायचो. एक युक्ती: त्यांना त्यांच्या त्रासाबद्दल विचारायला जाऊ नका, सोसायटीच्या वीजबिलाबद्दल बोलायला जा. कॉमन एरियाचं बिल हा विषय निघाला की दार उघडतं, चहाही मिळतो.

नाना_सातारकर

तात्पुरती गप्प राहण्याची मुदत संपली. माझा मुलगा चेंबूरला अशाच एका टॉवरमध्ये राहतो, बाविसाव्या मजल्यावर. मी उन्हाळ्यात तिथेच असतो. सकाळी खाली बाकावर आम्ही सहा-सात म्हातारे बसतो, एक निवृत्त न्यायाधीश आहेत, एक कापडाचे व्यापारी. वॉचमन मला अडवत नाही. पण एक सांगतो, हे लोक 'आमच्यामुळे कुणाला त्रास होतो' असं कबूल करणार नाहीत.

रानजाई

नाना! कबुली नकोच आहे. काकांची दोन बहिणींची गोष्ट सांगायची आणि ऐकून घ्यायचं, बस.

नाना_सातारकर

मग ठीक. शनिवारी सेक्रेटरीशी बोलतो. तो पहिला प्रश्न विचारेल, ह्यात आमच्या सोसायटीचं नाव येणार का?

रानजाई

येणार नाही. सोसायटीचं नाही, कुणाचंच नाही. तसं संमतीपत्र मराठी आणि इंग्रजीत तयार आहे, व्यक्तिगत निरोपातून पाठवते.

दुपारची_शिफ्ट

त्या टॉवरचे वॉचमन आणि लिफ्टमनही घ्या यादीत. ते दिवसभर तिथेच असतात.